बावन्न केंद्रांचं सासर-माहेर

निवडणूक कचेरीच्या मागच्या अंगाला पूर्वी बर्फाचा कारखाना होता. तो बंद पडून वीस वर्षं झाली, पण भिंतींना ते अजून कुणी सांगितलं नव्हतं. ऐन उन्हाळ्यातही आत पाऊल टाकलं की अंगावर शहारा यायचा. तिथंच कचेरीची कोठी होती. लोखंडी फडताळं, पत्र्याच्या पेट्या, लाखेच्या कांड्या, सुतळीचे गुंडे, शाईच्या बाटल्या, मत देताना आडोसा म्हणून उभे करायचे घडीचे पुठ्ठे, आणि दाराशेजारी एका फळीवर बावन्न खिळ्यांना बावन्न किल्ल्या. एकाही किल्लीवर नंबर नाही. कुठली किल्ली कुठल्या पेटीची हे एकाच बाईला ठाऊक, म्हणून तिचं नाव पडलं किल्लीवहिनी.

तिचं खरं नाव हजेरीपटावर असायचं, पण तो हजेरीपट नव्वद दिवसांचा. निवडणूक आली की तिला बोलावणं यायचं, मतमोजणी संपली की कचेरीच्या मोठ्या मॅडम हात जोडून म्हणायच्या, पुढच्या वेळी याच हं. पुढची वेळ म्हणजे पाच वर्षांनी. मधल्या काळात ती शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या नवऱ्याच्या दुकानात बसून सुया निवडायची आणि कोठीला उंदीर लागले असतील का याचा घोर लावून घ्यायची.

देश तसा कोवळाच होता. स्वतःचा कारभार स्वतः पाहायला लागून जेमतेम पंधरा वर्षं झालेली, आता चौथी निवडणूक येत होती. पहिल्या निवडणुकीला लोक रांगेत उभे राहून विचारायचे, काय वाटताहेत? इथं काही मिळत नाही, मत द्यायचंय, असं सांगितल्यावर बरेच जण हिरमुसून घरी गेले. द्यायलाच आलोय तर वर रांगेत कशाला उभं करता, असं त्यांचं म्हणणं. त्या वेळी केंद्रांवर बावन्न पेन्सिली गेल्या आणि सात परत आल्या. दुसऱ्या निवडणुकीला पेन्सिली सुतळीला बांधल्या, तर सुतळ्याही गेल्या. तिसऱ्या वेळी किल्लीवहिनीनं पेन्सिली तासून तासून इतक्या आखूड केल्या, की चोरणाऱ्यालाच आपली लाज वाटावी. एक्कावन्न परत आल्या. असलं शास्त्र कुठल्या पुस्तकात नव्हतं. ते तिच्या डोक्यात होतं, आणि डोकं फक्त नव्वद दिवस भाड्यानं घेतलेलं होतं.

केंद्रांच्या नंबरांवर तिचा विश्वास उडाला तो पहिल्याच निवडणुकीत. एका महिन्यात नंबर तीनदा बदलले. आधी उत्तरेकडून मोजले. मग दक्षिणेकडची माणसं म्हणाली, आम्हीच का शेपटाला, म्हणून उलटे मोजले. मग कुणी हुशार माणसानं नावांच्या क्रमानं लावायचं ठरवलं, तर स्वातंत्र्याच्या भरात बावन्नपैकी एकोणीस शाळांचं नाव एकच ठेवलेलं निघालं : स्वातंत्र्य शाळा. सोळा नंबरची पेटी एकतिसाला गेली, एकतिसाची चाळिसाला, आणि चाळिसाची पेटी दोन दिवस ट्रकमध्येच फिरत राहिली. सगळे एकमेकांवर खेकसत होते तेव्हा किल्लीवहिनी पेटीवर बसून विचार करत होती, की न बदलणारं असं आपल्या ओळखीत काय आहे?

नातेवाईक. कितीही वाटलं तरी ते बदलत नाहीत.

मग तिनं दोनशे पानी वही घेतली आणि एकेक केंद्र एकेका नातेवाइकाच्या नावावर चढवलं. नुसतं नाव नाही, स्वभाव जुळवून. ओढ्यापलीकडच्या केंद्राला काहीही पाठवा, तासभर उशिराच पोहोचायचं. ते झालं मामेसासरे. जिथली वीज नेमकी कामाच्या वेळी जायची ते चुलत दीर. बाहेरून टोलेजंग आणि आत पाच माणसं दाटीवाटीनं मावायची ते बहिणीचे यजमान, म्हणजे मेहुणे. एका केंद्राच्या खोलीत असा घुमारा होता, की आत कुजबुजलेलं बाहेरच्या रांगेत शेवटच्या माणसाला लख्ख ऐकू यायचं. गुप्त मतदानाला तो धोकाच. त्या खोलीसाठी आत्येसासूबाई सोडून दुसरं नाव सुचणंच शक्य नव्हतं. एकतीस केंद्रं सासरच्या माणसांवर खपली, पंधरा माहेरच्यांवर. उरलेल्या सहांसाठी शेजारणीचे नातेवाईक उसने घेतले.

ट्रकवाले, शिपाई, बंदोबस्ताचे पोलीस, सगळ्यांच्या तोंडी हीच नावं बसली. "मामेसासरे निघाले का?" असं हवालदारानं विचारलं की त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. फक्त केंद्रप्रमुखांच्या कानावर ती जाऊ द्यायची नाहीत, एवढं ठरलेलं.

चौथ्या निवडणुकीच्या तीन महिने आधी राजधानीहून एक तरुण अधिकारी आला. त्याच्या पाठीवरच्या पिशवीला अकरा कप्पे होते आणि दर कप्प्यात एक वायर. दर दोन वाक्यांनी तो 'डेटा' म्हणायचा, म्हणून शिपायांनी पहिल्याच दिवशी त्याचं डेटासाहेब असं बारसं करून टाकलं. त्यानं किल्लीवहिनीला समोर बसवलं आणि सांगितलं, की दर निवडणुकीनंतर माणसं घरी जातात आणि त्यांच्याबरोबर सगळी माहितीही घरी जाते. देश दर पाच वर्षांनी नव्यानं शिकतो. हे आता थांबवायचं. जे जे डोक्यात आहे ते कॉम्प्युटरवर चढवायचं. आणि त्या माहितीची राखण करायला कोठीत एक कायमची जागा मंजूर झाली आहे. वहिनीची नोंदवही तपासून मंजूर झाली, तर जागा वहिनीची. नाही झाली, तर राजधानीतली एक एजन्सी येऊन सगळं नव्यानं मोजेल.

कायमची. वहिनीला आपल्या कानात थंडगार बर्फ शिरल्यासारखं झालं. पंधरा वर्षांत तिला कुणी कायमचं असं काही देऊ केलं नव्हतं, सर्दी सोडून.

तरी तिनं आधी नको म्हणून पाहिलं. माझ्या डोक्यात आहे ते बरं आहे, म्हणाली. डेटासाहेब म्हणाला, डोक्याची दुसरी प्रत काढून ठेवता येत नाही.

"साहेब, पंधरा वर्षं डोकं रोज घरी नेते आणि रोज परत आणते," ती म्हणाली. "आजवर एकदाही विसरून आले नाही."

पण दोन दिवस सुया निवडताना तिच्या डोळ्यांसमोर ती जागाच दिसत राहिली. नवऱ्याला विचारलं, काय करू? त्याच्या तोंडात नेहमीप्रमाणे चार स्क्रू धरलेले. लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि महत्त्वाच्या प्रश्नाला त्याच्या तोंडात स्क्रू नाहीत असं एकदाही घडलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिनं वही पदराखाली झाकून नेली आणि डेटासाहेबापुढं ठेवली.

तो वाचू लागला. पहिल्या पानावर त्याची भुवई वर गेली. दहाव्या पानावर त्यानं बिस्किट चहात बुडवलं आणि तिथंच विसरला. 'चुलत दीर : कामाच्या वेळी दिवा जातो. मेणबत्त्या सोबत द्याव्यात. चिडू नये, उपयोग होत नाही.' 'मावसबहीण : दोन दारं. एकाने आत गेलेला माणूस दुसऱ्याने केव्हा बाहेर पडला कळत नाही. डोकी दोनदा मोजावीत.' 'धाकट्या जाऊबाई : सगळं नवंकोरं. आदर्श केंद्र. कशाला हात लावू नये.' 'थोरल्या वन्सं : दार ढकलू नये, ढकलल्यास घट्ट बसते. हलके उचलून आपल्याकडे ओढावे. अडचणीचे केंद्र.'

डेटासाहेबानं चष्मा पुसला आणि म्हणाला, की राजधानीत चौसष्ट रकान्यांचा तक्ता करून सात माणसं तीन वर्षं बसली आहेत, त्यांना हे जमलेलं नाही.

मग चार दिवस ती सांगत गेली आणि तो टाइप करत गेला. नातेवाइकांसाठी त्यानं वेगळा रकाना केला : केंद्राचे प्रचलित नाव. तो रकाना कोठीबाहेर जाता कामा नये, अशी वहिनीनं त्याला शपथ घातली, कारण थोरल्या वन्सं, म्हणजे नवऱ्याची मोठी बहीण, स्वतः मुख्याध्यापिका होत्या आणि दर निवडणुकीला केंद्रप्रमुख म्हणून त्यांची नेमणूक व्हायची. डेटासाहेबानं एक बटण दाबलं. रकाना गडप झाला.

"लपवला," तो म्हणाला. "आता मलाही दिसत नाही."

इथं छापखानेवाल्याची थोडी ओळख करून द्यायला हवी, कारण पुढं जे झालं त्यात त्याचा दोष एवढाच, की तो फार नेकीचा माणूस होता. तीस वर्षांच्या छपाईत त्यानं एक पान इकडचं तिकडं होऊ दिलं नव्हतं. केंद्रप्रमुखांसाठी बावन्न पुस्तिका छापायला फाइल आली, तेव्हा त्यानं रकाने मोजले. ए, बी, आणि मग एकदम डी. मधला सी कुठं गेला? सरकारी कामात अक्षर गळालंय म्हणजे उद्या आपल्यावर येणार. त्यानं पोराबाळांची शपथ घेऊन शोध घेतला, रकाना हुडकून काढला, आणि झालेली चूक भरून काढावी म्हणून तो ठळक टाइपात पहिल्याच जागी छापला.

प्रशिक्षणाच्या दिवशी सभागृहात बावन्न केंद्रप्रमुखांनी एकदम पुस्तिका उघडल्या. मग तिसऱ्या रांगेतून कुणीतरी फिसकन हसलं. पाचव्या रांगेत थोरल्या वन्संनी चष्मा नाकावर खाली ओढला आणि पान सातवर बोट ठेवलं. दाराशी शाईच्या बाटल्या वाटत उभ्या असलेल्या वहिनीला ते बोट तिथून दिसलं. तिच्या हातातली बाटली कलंडली आणि समोरच्या निरुपद्रवी ड्रॉइंग मास्तरांचा पंजा मनगटापर्यंत निळा झाला. त्या शाईचा गुण असा, की पंधरा दिवस जात नाही.

पुस्तिका पर्समध्ये घालून वन्सं सरळ घरी गेल्या. म्हणजे सरळ नाही. वाटेत आत्येसासूबाईंकडं पाच मिनिटं थांबल्या आणि कुणाला सांगू नका असं बजावून त्यांना ते पान दाखवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकतीसच्या एकतीस माणसांना माहीत होतं.

घरी वेगळीच तऱ्हा. सासूबाईंनी बोलणं टाकलं. त्या भिंतीकडं तोंड करून बसायच्या, ताट पुढं ठेवलं तर जेवायच्या, पण शब्द नाही. वहिनीला वाटलं, आपण घराण्याची अब्रू छापून वाटली, त्याचा हा राग. नवऱ्याला म्हटलं, तुम्ही तरी आईंशी बोला. त्याच्या तोंडात सहा स्क्रू होते. एरवीपेक्षा दोन जास्त.

आठवड्याच्या आत कचेरीत हरकती यायला लागल्या. मतदारयादीत काही चुकलं असेल तर भरायचा एक छापील फॉर्म असतो : दावे व हरकती. त्यावर लिहिलेलं असतं, 'यादीतील नोंदीबाबत हरकत असल्यास'. कुठली यादी ते लिहिलेलं नसतं. कचेरीचा हेडक्लार्क नियमाला पक्का. त्याच्या मते फॉर्म भरलेला आहे, सही आहे, नोंद यादीतली आहे. मग घ्यायला नाही कसं म्हणणार? त्यानं शिक्के मारून सत्तावीस हरकती दाखल करून घेतल्या. मामेसासऱ्यांची हरकत : मी उशिरा पोहोचत नाही. मेहुण्यांची : आत पाच नव्हे, जास्त माणसे मावतात. आत्येसासूबाईंची : माझ्याकडून कधीही काही बाहेर जात नाही, ही गोष्ट मी सर्वांना सांगितलेली आहे. धाकट्या जाऊबाईंची मात्र हरकत नव्हती. त्यांनी पुस्तिकेच्या चार जादा प्रती मागितल्या होत्या.

डेटासाहेब उतरलेल्या चेहऱ्यानं कोठीत आला. हरकती निकालात निघाल्याशिवाय नोंदवही मंजूर होत नाही, म्हणाला. आणि मंजूर झाली नाही तर कायमची जागा विसरा. सुनावणी घ्यावी लागेल, सगळ्यांची, मोठ्या मॅडमसमोर. वहिनी मान खाली घालून लाखेच्या कांड्या मोजत राहिली. शेवटी म्हणाली, की सुनावणी दहाला ठेवा, पण मामेसासऱ्यांच्या नोटिशीवर तेवढं नऊ लिहा.

सुनावणीच्या दिवशी कचेरीच्या सभागृहात लग्नघरासारखी गर्दी झाली. दहाच्या ठोक्याला मामेसासरे दारात हजर. नोटिशीवरचे नऊ सोयीस्कर विसरून आणि घड्याळाकडं बोट दाखवून त्यांनी सगळ्यांकडं अशा काही नजरेनं पाहिलं, की डेटासाहेबाला खोकल्याची उबळ आली. मॅडमनी त्यांच्या नोंदीतला उशीर खोडला आणि वहिनीनं आपल्या वहीत तिथंच बारीक अक्षरात लिहून ठेवलं, 'तासभर आधी कळवावे'.

मग मेहुणे उठले. ते चक्क आपल्या केंद्रावर जाऊन आले होते, मोजपट्टी घेऊन. खोलीचा नकाशा काढून आणलेला. घरची माणसं आत उभी करूनही पाहिली होती. सहा मावतात, म्हणाले. मॅडमनी नोंद केली : सहा, पैकी एक सडपातळ. चुलत दीर म्हणाले, मी तिथला फ्यूज बदलला, तार ओढली, आता बघू कसा दिवा जातो ते. मावसबहिणीनं आपल्या केंद्राच्या दुसऱ्या दाराला कडी ठोकून आणली होती आणि कडीची पावती अर्जाला जोडली होती. एकेक जण उठत गेला तसं वहिनीच्या लक्षात आलं, की रागाच्या भरात का होईना, ही सगळी माणसं आपापल्या केंद्रावर जाऊन आली आहेत. कुणी पायऱ्या मोजल्या, कुणी खिडक्या. आत्येसासूबाईंनी तर आपल्या खोलीत उभं राहून मोठ्यानं बोलून पाहिलं होतं आणि रस्त्यापलीकडच्या पानवाल्यानं त्यांना उत्तर दिलं होतं. घुमारा आहे, एवढं त्या कबूल झाल्या. पण तो भिंतींचा दोष आहे, माझा नाही.

शेवटी थोरल्या वन्सं उठल्या. मुख्याध्यापिका उठली की बसलेलीही माणसं ताठ होतात, तसं सभागृह ताठ झालं. ही हरकत राहिली की संपलं, हे वहिनीला कळत होतं.

वन्संनी सांगितलं, की त्या शाळा सुटल्यावर एकट्याच तिथं गेल्या. वहीत लिहिलंय ते खोटं ठरवायचं म्हणून दार मुद्दाम ढकललं. जाम बसलं. पुन्हा ढकललं, खांदा दुखला. मग आजूबाजूला कुणी बघत नाही ना हे पाहून दार हलकंच उचललं आणि आपल्याकडं ओढलं.

"उघडलं," वन्सं म्हणाल्या. "बोटानं उघडलं. नोंद बरोबर आहे, माझी तक्रार ती नाही."

मॅडमनी विचारलं, मग तक्रार काय?

"कारण लिहिलेलं नाही. त्या दाराला बिजागरी एकच आहे. दुसरी कुणी कधी बसवलीच नाही. इतकी वर्षं सगळा भार एकीवर." त्या वहिनीकडं वळल्या. "लिहिणारीनं स्वभाव लिहिला, कारणही लिहायला हवं होतं. एवढं तुला कळायला हवं होतं गं."

वहिनीनं मान डोलावली. नवरा मागच्या बाकावर होता. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याच्या तोंडात एकही स्क्रू नव्हता, आणि तो बहिणीकडं तोंड उघडं टाकून बघत होता. डेटासाहेबानं कुणी न सांगता तक्त्यात सहासष्टावा रकाना घातला : कारण.

तेवढ्यात हेडक्लार्क हातात कागद फडकवत आला. राजधानीहून नवा हुकूम होता. मतदारसंघांच्या हद्दी बदलल्यामुळे सगळ्या केंद्रांचे नंबर बदलले होते. सोबत यादी : नवा नंबर, स्वातंत्र्य शाळा, खोली पूर्वमुखी, दारे दोन. नवा नंबर, स्वातंत्र्य शाळा, पायऱ्या सात, मागे टाकी. अशा ओळीच्या ओळी. डेटासाहेबाच्या तक्त्यातला पहिला रकाना, ज्यावर बाकीचे पासष्ट उभे होते, तो एका मिनिटात कचरा झाला. तो बाकावर मटकन बसला आणि म्हणाला, आता कुठली पेटी कुठं जाणार हे देवालाही सांगता येणार नाही.

मॅडमनी यादीतली पहिली ओळ मोठ्यानं वाचली, काहीतरी करायचं म्हणून. चौदा नंबर, पूर्वमुखी, दारे दोन.

"ती मी," मावसबहीण म्हणाली. "दुसऱ्याला कडी लावलीय. पावती तुमच्याकडंच आहे."

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. दुसरी ओळ वाचली. सात पायऱ्या, मागे टाकी.

"टाकी माझी," मामेसासरे म्हणाले. "गळते. माझ्या अर्जात आहे, मुद्दा चार."

मग जी झुंबड उडाली ती आवरायला वन्संना टेबलावर पट्टी आपटावी लागली. जो तो आपली खोली, आपली खिडकी, आपल्या भिंतीचा पोपडा ओळखून हात वर करत होता. ज्या केंद्रांच्या वतीनं कुणी भांडायला आलं नव्हतं, ती वहिनीनं वही न उघडता सांगितली. दीड तासात बावन्नच्या बावन्न नवे नंबर जागेवर बसले. पंधरा वर्षं एका डोक्यात कोंडलेली माहिती, एका आठवड्याच्या भांडणात अठ्ठावीस डोक्यांत जाऊन बसली होती, आणि त्यासाठी सरकारला चहासुद्धा पाजावा लागला नव्हता.

शेवटी मॅडमनी नियमाप्रमाणे प्रत्येकाला विचारलं, नाव वगळायचं की नोंद दुरुस्त करायची? सभागृहात एकही माणूस वगळा म्हणाला नाही. आत्येसासूबाईंनी तर आपल्या नावाचा टाइप जरा ठळक करता येईल का, असं विचारलं. हरकती निकालात निघाल्या. हेडक्लार्कनं शिक्का मारला. डेटासाहेबानं वहिनीकडं पाहून दोन्ही अंगठे वर केले. तिला त्याचा अर्थ नीट कळला नाही, पण तिनंही केले.

मतदानाच्या आदल्या सकाळी कोठीसमोर ट्रक लागले तेव्हा कर्णा वन्संनी स्वतःच्या हातात घेतला. नंबर त्यांनी एकदाही उच्चारला नाही. मामेसासरे सगळ्यांत आधी, असं म्हणून त्यांनी ओढ्यापलीकडचा ट्रक तासभर लवकर काढला आणि वहिनीकडं बघून हळूच डोळा मारला. नऊ-दहाची भानगड वन्संनी कधीच ओळखली होती. चुलत दिरांबरोबर मेणबत्त्या दिल्या. फ्यूज नवा असला तरी. थोरल्या वन्संच्या पेटीत वहिनीनं कुणाला न विचारता एक बिजागरी आणि चार स्क्रू टाकले. स्क्रू नवऱ्यानं दिले होते. एकही पेटी चुकली नाही. पेन्सिली मात्र वेळेवर पन्नासच परत आल्या, पण उरलेल्या दोघी तासभर उशिरानं आल्या, म्हणजे बावन्न धरायला हरकत नाही.

हुकूम महिन्यानं आला. जागा कायम. नावाच्या रकान्यात 'किल्लीवहिनी' असंच छापलेलं, कारण हुकूम काढणाऱ्यालाही दुसरं नाव सापडलं नाही. ती तो कागद घेऊन घरी गेली आणि भिंतीकडं तोंड करून बसलेल्या सासूबाईंच्या पुढ्यात ठेवला. पाया पडली. आई, झालं गेलं विसरा, म्हणाली. मी घरातल्या माणसांना असं छापायला नको होतं.

सासूबाईंनी कागद उलटसुलट करून पाहिला. मग दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांचं तोंड उघडलं.

"सगळ्यांना छापलंस. माझी नणंद छापलीस, माझा भाऊ छापलास. शेजारणीचा तो जुगारी मेहुणासुद्धा आहे, पान चाळीस. बावन्न माणसांत तुला मी आठवले नाही?"

खरं म्हणजे पहिल्या निवडणुकीपासून वहिनीनं दर वेळी वहीत 'सासूबाई' असं लिहायचा प्रयत्न केला होता आणि दर वेळी पेन्सिल थांबली होती. काही भीतीनं, आणि काही, त्यांच्या मापाचं केंद्रच सापडलं नाही म्हणून.

त्या संध्याकाळी तिनं हेडक्लार्ककडून यादीत नवं नाव घालायचा फॉर्म आणला, सासूबाईंची सही घेतली, आणि वहीत त्रेपन्नावं पान उघडलं. बराच वेळ पेन्सिल चावून लिहिलं : 'सासूबाई : कोठी. सगळं इथूनच निघतं आणि शेवटी इथंच परत येतं. भर उन्हाळ्यातही आत थंडी वाजते. कारण : जुन्या भिंती, पूर्वी इथं बर्फ होता. मात्र पंधरा वर्षांत इथं ठेवलेलं काहीही हरवलेलं नाही.'

सासूबाईंनी चष्मा लावून ते तीनदा वाचलं. वही मिटली. पुन्हा उघडून चौथ्यांदा वाचलं. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही, पण ताटातली पोळी त्यांनी स्वतः होऊन वाढून घेतली, आणि ती संपत आल्यावर विचारलं,

"तो दुसरा फॉर्म उरलाय का गं एखादा? हरकतीचा."